शाखेत माणसं तीन, काम सहाचं... राजीनामा देऊ का?

या आठवड्याचं पत्र तापीपलीकडून आलंय. थोडं छाटून देते, नाव आणि शाखेचं गाव अर्थातच नाही.

"ताई, मी ३२ वर्षांचा, एका सरकारी बँकेत हेड कॅशियर. राहतो अमळनेरला, शाखा चोपडा तालुक्यातल्या एका गावात. मंजूर पदं सहा, हजर तीन. मॅनेजर साहेब, मी आणि एक मॅडम, त्यांचं बाळ दोन वर्षांचं. एक जण बदलून गेला, एक रिटायर झाला, शिपायाची जागा तर कधीपासून रिकामीच. सकाळी आठला घर सोडतो, परत यायला रात्रीचे नऊ. लाडक्या बहिणीचा हप्ता पडला की शाखा उघडायच्या आधीच ओट्यावर रांग. त्यात विम्याचं टार्गेट, केसीसीचं (किसान क्रेडिट कार्डाचं) रिन्यूअल, रविवारी रिकव्हरी कॅम्प. रजा मागितली तर साहेब म्हणतात किल्ली कोणाकडे देऊ? मध्ये कॅश दोन हजारांनी शॉर्ट आली, खिशातून भरली. मागच्या महिन्यात एका म्हातारीने तिसऱ्यांदा विचारलं, 'दादा, मन्हा पैसा उनात का?' (माझे पैसे आले का?) आणि मी तिचं पासबुक काउंटरवर आपटलं. ती काही बोलली नाही, उचललं आणि गेली. आता रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधडायला लागतं. बायको म्हणते सोडा ही नोकरी. वडील शेतकरी आहेत, ते म्हणतात सरकारी नोकरी नशिबाने मिळते. बाकी ब्रँचवाले पण करतातच ना ताई, मग मीच कमजोर आहे का?"

भाऊ, वयाने लहान आहेस म्हणून सरळ तूच म्हणते. मी स्वतः बँकेतूनच रिटायर झालेय, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने बोलतेय असं समज.

कमजोर नाहीयेस. तीन माणसं सहाचं काम करतायत आणि त्यातला एक जण दमला यात नवल ते काय, नवल हे आहे की शाखा अजून रोज वेळेवर उघडतेय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नीट व्याख्या केली, त्यात तो आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या ठिकाणचा ताण महिनोन् महिने तसाच चालू राहिला आणि त्यावर काही इलाज झाला नाही की जे होतं ते, असं धरलंय. तीन खुणा सांगितल्यात. अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल आणि कामाशी आलेल्या माणसांबद्दल मन कडू होणं, आणि आपल्याच्याने आता नीट काही होत नाही असं वाटायला लागणं. आता तुझं पत्र परत वाच. रात्री नऊला घरी येऊन जेवायचंही त्राण नसणं, म्हातारीचं पासबुक आपटणं, एकदा मशीनवर मोजलेली गड्डी परत हाताने मोजणं आणि तरी खात्री न वाटणं (हे तू पत्रात लिहिलं होतंस, मी वर छाटलं). तिन्ही आहेत. आणि व्याख्येत बोट कामाच्या ठिकाणाकडे आहे, माणसाच्या स्वभावाकडे नाही, हे लक्षात ठेव.

पण छातीतल्या धडधडीला मी बर्नआउट म्हणून सोडून देणार नाही. ते काम डॉक्टरचं. ईसीजी, बीपी, शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन एवढं करून घे, अमळनेरला एका सकाळीत होतं. आणि मला खात्री आहे की तू दिवसभर पाणी पीत नाहीस, कारण पाणी प्यायलं की बाथरूमला जायला लागतं आणि बाथरूमला जायचं तर कॅशचा ड्रॉवर लॉक करून केबिनमधून उठायला लागतं आणि समोर चाळीस माणसं उभी. आपल्याकडचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, वर पत्र्याचा पोर्च, एसी असला तर बंद, अशात नऊ तास बिनपाण्याचं बसल्यावर धडधडेल नाहीतर काय होईल. उठायचं. रांगेला सांगून उठायचं, "दोन मिनिटं मावशी, आलोच." कोणी तोंड वाकडं करेल, करू दे.

अजून एक गोष्ट नीट तपास. सुट्टीच्या दिवशी, गावातल्या लग्नात, पोराबरोबर खेळताना मन जरा तरी मोकळं होतं का? होत असेल तर गाडी कामापाशी अडलीये. पण तिथेही काहीच गोड लागत नसेल, पहाटे तीनला डोळा उघडून परत लागत नसेल, जगण्याचाच वीट आलाय असे विचार येत असतील, तर मग या सदराच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही. टेलि-मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, रात्री-अपरात्री कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. बँकेत कळेल वगैरे भीती नको, तो फोन बँकेमार्फत जात नाही.

आता मुद्द्याचं, जे ऐकून तुला कदाचित राग येईल.

तुझ्या शाखेत तीन माणसं कमी आहेत हे रिजनल ऑफिसला माहीतच नाही. म्हणजे एचआरच्या एक्सेल शीटवर आहे, पण दुखत कुठेच नाहीये, कारण रोज संध्याकाळी कॅश टॅली होते, डे एंड होतो, टार्गेटचा आकडा जातो, ग्राहकाची तक्रार वरपर्यंत पोचत नाही. कमी पडलेली तीन माणसं तुम्ही तिघांनी स्वतःच्या झोपेतून, जेवणातून, पोरांच्या वेळातून भरून काढलीत. वरून बघणाऱ्याला काय दिसतं? सहाच्या शाखेत तीन पुरतात. मग चौथा माणूस तो कशाला पाठवेल, त्याच्याकडे दुसऱ्या शाखेत बोंब चाललीये तिकडे पाठवेल. जी शाखा ओरडते तिला माणूस मिळतो हे मी नोकरीभर बघितलंय, आणि जी शाखा गुपचूप रेटते तिला शाबासकी आणि पुढच्या वर्षी वाढीव टार्गेट. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

म्हणून पहिलं काम, कमतरता कागदावर आण. "आम्ही फार थकलोय सर, कृपया स्टाफ द्या" असलं पत्र लिहू नकोस, असली पत्रं फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. बँकेला थकवा कळत नाही, रिस्क कळते. त्या भाषेत लिही. मंजूर पदं इतकी, हजर इतकी, कोणत्या महिन्यापासून. रोजची सरासरी व्हाउचर किती, हप्त्याच्या आठवड्यात किती होतात. मॅडम रजेवर असल्या की मेकर आणि चेकर (एंट्री करणारा आणि ती तपासून पास करणारा) मिळून दोनच माणसं उरतात आणि साहेब रिकव्हरीला गेले तर तेही नाही. एटीएमची कॅश भरायला जॉइंट कस्टोडियन (कॅशची किल्ली सांभाळणाऱ्या दोघांतला एक) निघाला की काउंटर बंद ठेवावा लागतो. केसीसीच्या इतक्या फायली रिन्यूअलवाचून पडून आहेत आणि त्या एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जाऊ शकतात. शेवटचं वाक्य असं काहीतरी, "वरील परिस्थितीत अंतर्गत नियंत्रणाचे निकष पाळणे शाखेस शक्य होत नाही, तरी किमान एक कर्मचारी तात्पुरत्या डेप्युटेशनवर मिळावा ही विनंती." हे वाक्य वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण उद्या ऑडिटला काही निघालं तर हे पत्र बाहेर येणार हे त्याला कळतं.

पत्र साहेबांच्या सहीने जाऊ दे. तू पत्रात साहेबांवर जरा चिडलेला वाटलास, पण तो माणूसही त्याच चरकात आहे, रोज संध्याकाळच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये त्यालाच सगळ्यांसमोर झापतात. त्याच्याकडे जाऊन "रजा द्या नाहीतर मी सोडतो" म्हणण्यापेक्षा "सर, आकडे मी काढून देतो, मेल तुम्ही टाका" म्हण, दहातले आठ मॅनेजर हो म्हणतील. कारण मॅनेजरकडे आकडे काढायलाच वेळ नसतो. आणि मॅडमना सोबत घ्या. तुझ्या पत्रात त्या एकाच वाक्यात येऊन गेल्या, पण दोन वर्षांचं बाळ घरी ठेवून ती बाई रोज सात वाजेपर्यंत बसत असेल तर तिची कथा तुझ्यापेक्षा कमी नसणार. तिला विचारलंयस का कधी? महिन्यातल्या दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी, सुट्टीच असते, तिघं तासभर कुठेतरी चहाला बसा आणि आकडे एकत्र लिहा. एकाचं रडगाणं आणि तिघांचं निवेदन यात फरक असतो. एका मेलने माणूस येणार नाही हे आत्ताच सांगते. दर महिन्याला तोच मेल, नवीन आकड्यांसह, आधीच्या मेलचा संदर्भ देऊन. युनियनच्या सेक्रेटरीला कॉपी. माणसं कमी असण्याचं दुखणं तुझ्या एका शाखेचं नाहीये, २०२५ च्या मार्चमध्ये बँक युनियननी दोन दिवसांच्या संपाची हाक दिली होती (नंतर पुढे ढकलला), त्यात पाच दिवसांच्या आठवड्याबरोबर सगळ्या केडरमध्ये पुरेशी भरती करा हीच मागणी होती.

पासवर्डचं तू काही लिहिलं नाहीस, पण तीन माणसांच्या शाखेत काय चालतं ते मला माहितीये. साहेब बाहेर, रांग वाढलेली, मोठ्या रकमेची स्लिप अडकलेली, मग साहेब फोनवर सांगतात "माझ्या आयडीने पास करून टाक रे." नाही करायचं. कितीही गर्दी असू दे, समोर नात्यातला माणूस असू दे. उद्या त्या एंट्रीत काही निघालं तर चौकशीत कोणी विचारत नाही की त्या दिवशी स्टाफ किती होता. व्हाउचरवर सही कोणाची आणि आयडी कोणाचा, एवढंच बघतात. थकलेल्या माणसाकडून चुका होणारच, त्या आपल्या नावावरच्या तरी असाव्यात. दोन हजार खिशातून भरलेस तेही पुढच्या वेळी गुपचूप नको. शॉर्ट आली तर शॉर्ट म्हणून साहेबांना सांगायची, नोंद करायची, त्या दिवशी काउंटर किती वाजता उघडला आणि किती वाजता बंद झाला तेही लिहायचं. ते सुद्धा कमी माणसांचंच बिल आहे, तू एकट्याने का भरायचं?

आता रजा. "किल्ली कोणाकडे देऊ" हे वाक्य ऐकून मला हसू आलं, इतकं जुनं आहे ते. भाऊ, किल्ली एका माणसाला जन्मभर बांधलेली नसते. चार्ज देता येतो, रजिस्टरवर सह्या होतात, शेजारच्या शाखेतून आठ दिवस डेप्युटेशनवर माणूस येतो. उद्या तू अपघातात पडलास तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस हजर होईल, तेव्हा सोय असते, आजच तेवढी नसते.

आणि इथे रिझर्व्ह बँक तुझ्या बाजूने आहे, हे फार लोकांना वापरता येत नाही. संवेदनशील जागेवर काम करणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, तेही आधी न कळवता, आणि त्या काळात त्याला कामाच्या सिस्टिमपासून लांब ठेवायचं असा तिचा दंडक आहे. तुझ्या आरामाची काळजी म्हणून नव्हे हं, माणूस खुर्चीवरून उठला की त्याने काही भानगड लपवली असेल तर बाहेर येते म्हणून! पण कारण काहीही असो, दहा दिवस तर मिळतात. कोणती पदं संवेदनशील ते प्रत्येक बँक ठरवते, तेव्हा तुमच्या बँकेचं सर्क्युलर काढून बघ. कॅशची किल्ली सांभाळणारा माणूस त्यात असेल आणि तुला वर्षानुवर्षं पाठवलंच नसेल, तर ते वरच्या मेलमध्ये एका ओळीत टाक. बघ किती लवकर फोन येतो.

ती रजा मात्र वरून येते, तुझ्या सोयीने नाही. तुझी स्वतःची पीएल (हक्काची रजा) वेगळी, दर ११ दिवसांच्या ड्युटीला एक जमा होते, तुझ्या खात्यात शंभरावर तरी पडून असणार. अर्ज आत्ताच टाक आणि तारखा हुशारीने निवड. मार्च सोड, क्लोजिंगला ब्रह्मदेव आला तरी रजा मिळत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास सगळ्यांनाच हवी असते, मॅडमना माहेरी जायचं असेल, ती त्यांना जाऊ दे. मे-जून पीककर्जाचा. जुलै पीकविम्याचा. दिवाळीला पुढे-मागे कापसाचे पैसे यायला लागतात. मधे उरतो पितृपक्ष! पंधरा दिवस कोणी नवं खातं काढत नाही, गाडीचं लोन नाही, सोन्याचं काही नाही, शाखेत जरा हवा खेळते. माझी बहुतेक मोठी रजा पितृपक्षातच असायची, सासूबाई म्हणायच्या या दिवसांत कुठे फिरायला जातं का कोणी. मी जायचे. तुझ्यासाठी फिरणं गरजेचं नाहीये, पहिले चार दिवस नुसता झोप. पण ऑफिसचा ग्रुप म्यूट, आणि चार्ज घेणाऱ्याला आधीच सांगून ठेव की फोन करायचा तर फक्त किल्ली-कॅशसाठी.

ग्रुपवरून आठवलं, रात्री दहाला "उद्या लॉगिन डे, किती करणार कळवा" वाले टार्गेटचे मेसेज. त्याला रात्री उत्तर द्यायला लागू नये असा कायदा आपल्याकडे अजून नाहीये, सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा कायद्याच्या भरवशावर राहू नकोस, सवयीने कर. भांडण नको, घोषणा नको. रोज सकाळी साडेनऊला नेमाने उत्तर देत जा, "सर, आज इतके करतो." महिनाभरात सगळ्यांना कळतं की हा सकाळी उत्तर देतो.

काउंटरवर थोडं करता येईल. हप्त्याच्या आठवड्यात टोकन वाट, रोजंदारीवरचा मुलगा वाटू शकतो. पासबुक प्रिंटिंगला एक ठरावीक वेळ ठेव आणि ती मोठ्या अक्षरात दारावर लाव. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठ्याने १० हजारांपर्यंत निघतात, छोटी रक्कम काढणाऱ्यांना तिकडे पाठव, त्या केंद्रवाल्याशी साहेबांनी एकदा बोलून घ्यायला हवं म्हणजे तो "लिंक नाही" म्हणून परत तुमच्याकडे धाडणार नाही. वीस मिनिटांची जेवणाची वेळ पाटीवर लिहून टाक. लंचवरून बँकवाल्यांची चेष्टा करतात लोक, करू दे, रिकाम्या पोटी नोटा मोजून आलेली शॉर्ट चेष्टा करणारे भरणार नाहीयेत. म्हातारी पुढच्या महिन्यात येईलच. तिला खुर्चीवर बसव, पैसे आलेत की नाही ते तिने विचारायच्या आधी सांग. माफीचं भाषण नको, तिलाही अवघडल्यासारखं होतं.

राजीनामा देऊ का, याचं माझं उत्तर, आत्ता नको. सलग रजा घेतल्याशिवाय तर नकोच, दमलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय चुकलाच असं नाही पण तो बरोबर होता की नाही हे नंतर कळत नाही, आणि ते जास्त छळतं. तोवर बदलीचा अर्ज टाक, अमळनेर-पारोळा-धरणगाव बाजूला, रोजचा प्रवास वाचला तरी दोन-अडीच तास हातात येतात. आणि सोडण्याचा हिशोबही एकदा कागदावर मांड, घाबरायला नाही, माहीत असावा म्हणून. स्टाफ रेटने, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या दराने, घराचं कर्ज असेल तर नोकरी सोडल्यावर ते बाकी ग्राहकांच्या व्याजदरावर जातं, हप्ता किती वाढेल ते काढ. ग्रॅच्युइटीला ५ वर्षं पूर्ण लागतात, तुझी झालीत का? तू २०१० नंतर लागलेला, म्हणजे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), तो पैसा तुझ्याबरोबर येतो. घरात सहा-आठ महिने चालेल इतकी गंगाजळी आहे का? बायकोशी बसून हे करा, ती "सोडा" म्हणतेय ते तुझी अवस्था बघून म्हणतेय, आकडे बघून नाही. पुढच्या मार्चपर्यंत मुदत ठेव. तोवर माणूस आला नाही, बदली झाली नाही आणि रजेनंतरही रविवारची संध्याकाळ तशीच असेल, तर मग सोडण्यात काहीही कमीपणा नाही, बँकेबाहेर जग आहे, मी रिटायर झाल्यावर बघितलं.

राहिले वडील. त्यांना बर्नआउट वगैरे शब्द सांगू नकोस, उगाच "आमच्या वेळी" सुरू होईल. शेतकरी आहेत ना? त्यांना विचार, एक फेज गेलेली असताना मोटार तशीच दाबून चालू ठेवली तर काय होतं. थोडा वेळ पाणी येतं, मग आतलं वाइंडिंग जळतं आणि ऐन हंगामात मोटार काढून रिवाइंडिंगला टाकावी लागते. त्यांनी आयुष्यात दोनदा तरी ते बिल भरलेलं असणार. त्यांना सांग, मी नोकरी सोडत नाहीये आबा, दोन फेजवर चालवायचं तेवढं बंद करतोय.

तर ईसीजी या आठवड्यात. आकडे दुसऱ्या शनिवारी. पीएलचा अर्ज आकड्यांची वाट न बघता उद्याच टाक, आणि पोच घे, तोंडी "बघू" वर परत येऊ नकोस.